सध्या कोणता अल्बम ऐकताय? अख्खा, सुटी गाणी नकोत

खिडकीची सीट · सोमवार, रात्री १०.५०

गेल्या महिन्यात मोबाइलचा पॅक संपला आणि निव्वळ आळसापायी तीन दिवस रिचार्ज केला नाही. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे अडीच तास, आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेला अल्बम एकच निघाला: 'कॉल ऑफ द व्हॅली'. कधीतरी 'निवांत ऐकू' म्हणून घेतला होता. निवांत काही झालो नव्हतो. तीन दिवसांत सहा वेळा ऐकला.

पहिल्या दोन फेऱ्यांत तो नुसता कानात वाजत होता. तिसऱ्या फेरीला कळलं की यात एक अख्खा दिवस आहे, काश्मीरमधल्या मेंढपाळाचा. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. हे आधी कुठेतरी वाचलंही होतं, पण वाचलेलं अंगी लागलं नव्हतं. सकाळची फास्ट दिवा सोडून मुंब्र्याकडे निघते, खाडी दिसायला लागते, आणि संतूरचे पहिले थेंब पडतात. समोरच्याचा ओला शर्ट माझ्या नाकापासून चार बोटांवर असतो. तो तिथेच राहतो, पण त्याचं काही वाटेनासं होतं. संध्याकाळी परतताना मात्र अहिर भैरव काही केल्या जमेना. मग संध्याकाळी थेट भूपापासून लावायला लागलो. तेव्हा घरी पोचेपर्यंत पहाडी येते.

तर माझं नवं माप असं: एलपीची एक बाजू म्हणजे डोंबिवली ते ठाणे, उलटून दुसरी बाजू म्हणजे ठाणे ते कुर्ला.

इथे 'सध्या कोणतं गाणं'वाले धागे पुष्कळ आहेत. मला गाणं नको. सध्या कोणता अल्बम ऐकताय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे उड्या न मारता? आणि कुठे बसून, किंवा उभं राहून?

एक प्रश्नही आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली'त तबल्यावर कोण आहे? अ‍ॅपवर शोधून थकलो.

गिरगावचा धैवत · रात्री ११.१५

माणिकराव पोपटकर.

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, ही तीन नावं सगळ्यांना पाठ. चौथं कुणी घेत नाही. १९६७ची तबकडी आहे. आम्हाला कव्हरची पाठ वाचायची खोड होती, म्हणून आमच्या पिढीला साथीदार माहीत असतात. तुमच्या अ‍ॅपवर फोटो मोठा, गायकाचं नाव मोठं, आणि तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावरचे शिष्य सगळे गायब. लग्नाच्या पत्रिकेतून मामाचं नाव गाळावं तसं.

काब्रांकडे लक्ष द्या. गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे, आणि शिकले सरोदवाल्या अली अकबर खाँसाहेबांकडे. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, ऐकलीत की सरोद आठवतो तो उगाच नाही.

आणि अ‍ॅपवर तो अल्बम तासावर जात असेल तर मागचे तुकडे सीडीच्या जमान्यात जोडलेले आहेत. पहाडी संपली की बंद करा. मेंढपाळ झोपलाय, त्याला उठवू नका.

सुरमई · रात्री ११.३२

धैवतकाका, मामाचं नाव 😄

माझा अल्बम 'अभंग तुकयाचे'. लताबाई, आणि संगीत श्रीनिवास खळे. जागा: स्वयंपाकघर, खिडकीतला छोटा स्पीकर, सकाळी सव्वासहा ते सात. डबे दोन, चहा तीन, पोळ्या चौदा. हा अल्बम मी बसून कधी ऐकलेलाच नाही.

गंमत अशी झालीय की कुकर लावायची वेळ ठरलेली आणि अल्बमचा क्रमही ठरलेला, त्यामुळे शिट्टी नेहमी 'भेटीलागी जीवा'त पडते. गेली चार वर्षं. मध्यंतरी नणंदेकडे पुण्याला कुणीतरी तोच अभंग लावला, आणि मी चक्क थांबून राहिले. शिट्टी आलीच नाही. काहीतरी वगळल्यासारखं वाटलं.

ते उड्यांचं म्हणालात ना? उड्या मी मारत नाही, अ‍ॅप मारतं. 'कन्या सासुरासी जाये' संपतं न संपतं तोच एक बाई ओरडते, पनवेलजवळ दोन बीएचके. लेक सासरी पोचायच्या आत फ्लॅट बुक.

आठशेआठ · मंगळवार, सकाळी ९.०५

अंधेरी ते घाटकोपर मेट्रो, त्यामुळे माझ्याकडे एका बाजूएवढाही वेळ नाही. अल्बम घरी, रात्री हेडफोनवर.

सध्या चरणजित सिंग. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', एचएमव्ही, १९८२. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे गृहस्थ मुंबईतल्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी रोलंड कंपनीची सुरांची आणि ठेक्याची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतली, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि दहा राग वाजवले. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खाली एकसुरी डिस्कोचा ठेका, मागे यंत्राचाच षड्ज. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतून अ‍ॅसिड हाउस नावाचं जे नाचाचं संगीत बाहेर आलं त्यातही मुख्य यंत्र हेच ३०३. २०१० साली एका डच संग्राहकाने ही तबकडी पुन्हा काढली तेव्हा जग म्हणालं, अरे, मुंबईतला हा माणूस पाच वर्षं आधीच तिथे पोचला होता! चरणजितजी २०१५ मध्ये गेले, पण त्याआधी म्हातारपणी परदेशात कार्यक्रम करून आले.

३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. म्हणजे गरिबाची मींडच. बाकीच्यांनी ती खटक्यासाठी वापरली, यांनी रागासाठी.

शुद्ध निषाद · सकाळी ९.४०

ललत. डिस्कोवर. सकाळी सकाळी हे वाचायला मिळालं, धन्य झालो.

आठशेआठ · सकाळी ९.४२

ऐकलाय का?

शुद्ध निषाद · सकाळी ९.४७

ऐकायची गरज नाही. ललतात दोन मध्यम लागून येतात, ते कसे लावायचे यात माणसाचं आयुष्य जातं. बटण दाबून लागणारा मध्यम हा मध्यम नव्हे.

गिरगावचा धैवत · सकाळी १०.२०

निषादराव, तुमच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो होतो, आणि ते न ऐकताच. काळ्या घोड्याला रिदम हाउसमध्ये, कुणीतरी पुढ्यात ठेवली होती ती तबकडी. तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकता यायचं, विकत घेतलंच पाहिजे असं नव्हतं. फुकट होतं तरी ऐकली नाही. २०१६ला दुकान बंद झालं. तबकडी त्यानंतर नातवाने ऐकवली, फोनवर.

मत बदललं असं नाही. पण मत न ऐकता दिलं होतं, ते मागे घेतो.

पेटीवाला पार्ले · सकाळी ११.०२

विषय किंचित पश्चिमेला नेतो. जाझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. माझ्याकडे जुनी कॅसेट आहे. मागच्या रविवारी पेटी काढून त्यातल्या 'सो व्हॉट'बरोबर वाजवायला बसलो तर काही केल्या पट्टी जुळेना. सगळं बारीकसं चढं. इतकं बारीक की काळी-पांढरी बदलून उपयोग नाही, दोन्हींच्या फटीत कुठेतरी.

आठशेआठ · सकाळी ११.१०

पेटी उतरली असेल 😄

पेटीवाला पार्ले · सकाळी ११.३१

घरच्यांचं मत तेच पडलं. पण कॅसेट उलटली आणि 'ऑल ब्लूज' लावलं तर तंतोतंत जुळलं! मग शोधाशोध केली. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप-यंत्र जरा हळू फिरत होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की चढं वाजणार. त्या दिवशीचे तीन तुकडे म्हणजे पहिली बाजू. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती नीट आहे. १९९२च्या पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. म्हणजे तीस-एक वर्षं जगभर लोक चढा 'सो व्हॉट' ऐकत होते, आणि त्यावरून शिकतही होते.

पेटी निर्दोष सुटली, हे इथे नोंदवून ठेवतो.

सुरमई · सकाळी ११.४५

दुरुस्त केलेला आता 'उतरलेला' वाटत असेल ना तुम्हाला? माझ्या शिट्टीसारखं.

पेटीवाला पार्ले · सकाळी ११.५०

वाटतो! नवा ऐकला की माणसं दमलेली वाटतात.

नवी सुई · दुपारी १.१५

मी तबकड्यांच्या नादाला दोन वर्षांपूर्वी लागले. सध्याचा अल्बम सांगते, पण आधी फजिती.

फोर्टात फुटपाथवर एका विक्रेत्याकडे प्रभाताई अत्र्यांची एलपी दिसली. मारू बिहाग आणि कलावती असलेली ती प्रसिद्ध. कव्हर जरा मळकं, पण हीच का ती म्हणून हात थरथरायला लागले. घासाघीस न करता पैसे दिले (इथेच त्याला कळलं असणार). घरी आणून लावली तर आत आरत्या. तबकडी दुसरीच! दुसऱ्या दिवशी परत गेले. तो म्हणाला, "मॅडम, कव्हर तर ओरिजिनल आहे ना?" यावर काय बोलणार. आरत्या मात्र सुंदर निघाल्या, गणपतीत लावल्या.

खरी एलपी सहा महिन्यांनी एका ओळखीच्या घरी मिळाली. इमारत पुनर्विकासाला जाणार, सामान काढत होते. पण माळ्यावर चार पावसाळे काढलेली. कव्हरमधून काढली तर तबकडीवर पांढरी बुरशी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. कसं साफ करायचं ते विचारायला या धाग्यावर आले.

गिरगावचा धैवत · दुपारी २.०५

घाबरू नका, बुरशी वर बसते, खाचेत रुजलेली नसेल तर जाते. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. चष्मा पुसायचं मऊ फडकं. फडकं खाचेच्या दिशेने, गोल फिरवायचं. आरपार पुसलंत तर आयुष्यभर टिक-टिक ऐकाल. मधलं लेबल भिजू द्यायचं नाही, त्यावर डब्याचं झाकण दाबून धरा. मग नुसत्या डिस्टिल्डने पुन्हा एकदा. वाळवायला भांड्यांचा स्टँड उत्तम, ताटं ठेवतो तशी उभी. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच नको, पापड होईल.

आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशीचं घर तेच. पण बाहेरचं कव्हर टाकू नका. पाठ वाचायचीय.

नवी सुई · रात्री ९.५०

काका!! केलं. झाकण डाळीच्या डब्याचं. पहिल्या फडक्यावर राखाडी चिखल निघाला, दुसऱ्यावर कमी, तिसरं कोरं. कलावती आत्ता वाजतेय. 'तन मन धन'. सुरुवातीला थोडं तळल्यासारखं चुरचुरतंय, पण गाणं सुरू झालं की ते ऐकू येत नाही. की येतं, पण चालतं.

प्रभाताई गेल्या त्या जानेवारीत (२०२४) मी ही तबकडी शोधायला लागले होते. त्याआधी फक्त नाव ऐकून होते, हे कबूल करते.

माहीमकर · रात्री १०.३०

'मेकिंग म्युझिक'. झाकीर हुसेन, हरिप्रसादजी, गिटारवर जॉन मॅकलॉफलिन आणि सॅक्सोफोनवर यान गारबारेक. डिसेंबर १९८६मध्ये ऑस्लोत ध्वनिमुद्रित, १९८७मध्ये बाहेर. तबल्याच्या करामती ऐकायच्या असतील तर हा अल्बम नाही. इथे झाकीरभाई बराच वेळ इतरांना जागा करून देतात, आणि ते ऐकायला मला जास्त आवडतं.

ते आमच्या माहीमचे. म्हणजे आमचे असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही, पण इथे वाढलेला प्रत्येक जण म्हणतो. दर ३ फेब्रुवारीला त्यांच्या वडिलांच्या, अल्लारखाँसाहेबांच्या बरसीला षण्मुखानंदला पहाटे जायचो. थंडी म्हणजे मुंबईची, एक हाफ स्वेटर पुरे. गर्दीत उभं राहून चहा, मग दिवसभर तबला. १५ डिसेंबर २०२४ला ते गेले, त्यानंतर पाच-सहा महिने मला त्यांचं काहीच लावता आलं नाही. हा अल्बम पहिला लावला, कारण यात ते एकटे नाहीत.

कुठे ऐकतो: गॅलरीत. समोर दर्ग्याची गल्ली, खाली बेकरी. बाकी पुन्हा कधी.

खिडकीची सीट · बुधवार, सकाळी १०.४०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, धागा असा पळेल वाटलं नव्हतं. काल एक प्रयोग केला. आठशेआठ आणि धैवतकाका, तुमच्या दोघांमुळे.

तीन भूप, एका फेरीत. डोंबिवलीहून निघताना चरणजित सिंगांची भूपाली. मग 'व्हॅली'तला भूप. मग किशोरीताई आमोणकरांची भूपाची एलपी, 'प्रथम सुर साधे' आणि पुढे 'सहेला रे'. स्वर पाचच, सा रे ग प ध, तिन्हीकडे तेच. पहिला घड्याळासारखा चालतो, मला आवडला, पाय हलत होता. दुसरा संध्याकाळी घराकडे निघालेल्या माणसासारखा. किशोरीताईंचं मला शब्दांत सांगता येत नाही. एकेका स्वराशी त्या इतक्या वेळ थांबतात की भायखळा गेलं ते कळलं नाही आणि 'सहेला रे' सुरू झालं तेव्हा सीएसएमटीच्या अलीकडे गाडी उभी होती, सिग्नलला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, सिग्नल मिळू नये.

ऑफिसात लेट मार्क.

शुद्ध निषाद · सकाळी ११.१५

आता विषय निघालाच आहे तर. हेच पाच स्वर देसकारातही आहेत. भूपात वजन गंधारावर (ग), देसकारात धैवतावर (ध), आणि देसकार सकाळचा. स्वर सारखे, घर वेगळं. हे वजन गळ्याला कळतं, यंत्राला कळत नाही. माझा मुद्दा एवढाच होता.

दुसरं असं की मैफलीत तासभर उलगडला असता तो राग ताईंनी तबकडीच्या एका बाजूत बसवला. पण घाई कुठे जाणवते का बघा. त्याआधीच्या लोकांना तर ७८च्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', साडेतीन मिनिटं. तीच १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. मी सध्या केसरबाईंच्याच जुन्या तबकड्यांचं संकलन ऐकतोय, धाग्याचा नियम म्हणून सांगितलं.

आठशेआठ · सकाळी ११.२०

वजन यंत्राला कळत नाही, बरोबर. वाजवणाऱ्याला कळत होतं.

शुद्ध निषाद · सकाळी ११.५८

ऐकला काल रात्री. ललत सोडून दिला, सहन झाला नाही. मेघ मल्हार दोनदा ऐकला. जास्त बोलत नाही.

गिरगावचा धैवत · दुपारी १२.१०

मी नावानेच धैवत, तेव्हा माझं मत देसकाराला. 🙏

पावसाळी आंबा · दुपारी १२.३०

वाखुसा (वाचनखूण साठवली)! 'गारवा' कुणीच कसा नाही सांगितला? मिलिंद इंगळे आणि सौमित्र. गाण्याआधी कवितेचं वाचन आहे म्हणून तो सुटा ऐकताच येत नाही. अ‍ॅपवर शफल चालू राहिलं तर कविता एकीकडे, तिचं गाणं चार गाण्यांनंतर. पहिल्या पावसाला दरवर्षी, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर अडकलेल्या बसमध्ये. अडकणं गृहीत आहे.

टपरीवरचा · दुपारी ३.४०

मी फोर्टात नोकरीला, सर फिरोजशहा मेहता रोडच्या मागच्या गल्लीत. म्हणून हा अल्बम.

जॉर्ज हॅरिसन, 'वंडरवॉल म्युझिक', १९६८. बीटल्सपैकी कुणाचाही पहिला एकट्याचा अल्बम. एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत आहे, तुकडे तुकडे. त्यातला भारतीय भाग जानेवारी १९६८मध्ये इथेच, याच रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. आशिष खाँचा सरोद, शिवकुमार शर्मांचं संतूर (हो, 'व्हॅली'वालेच, जेमतेम वर्षभराने), विनायक व्होरांची तारशहनाई. आणि त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'ची वाद्यंही झाली, ते गाणं पुढे बीटल्सच्या नावावर आलं.

खरी गंमत पुढे आहे. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि आवाज अडवायची काही सोय नव्हती. हॅरिसनने स्वतःच सांगितलंय की नीट ऐकलंत तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून पाय आपटत उतरणाऱ्या बाबू लोकांमुळे काम थांबवावं लागायचं.

मी रोज साडेपाचला त्याच भागातल्या एका जिन्यावरून पाय आपटत उतरतो.

सुरमई · दुपारी ३.५५

टॅक्सी म्हणजे त्यांची शिट्टी!

आठशेआठ · दुपारी ४.०२

थांबा. टॅक्सी नेमकी कुठे आहे? कुठला ट्रॅक, कितव्या मिनिटाला?

टपरीवरचा · दुपारी ४.१०

शोधतोय तेच. आठवडा झाला. टपरीवर उभं राहून काय ऐकू येणार, इथे खऱ्याच टॅक्सी.

नवी सुई · दुपारी ४.३०

मी बसते आज हेडफोन लावून. सगळे बसा. जो पहिली टॅक्सी पकडेल त्याला माझ्याकडून एक एलपी. आत काय निघेल ते सांगत नाही.

पेटीवाला पार्ले · रात्री १०.१५

पहिली फेरी पूर्ण. लंडनमध्ये केलेले तुकडे बाजूला ठेवा, तिथे मिळाली तरी ती आपली नाही. सरोदच्या मागे काहीतरी घरघर आहे, पण ती टेपचीही असू शकते. शहनाई आली की तर सगळंच संशयास्पद, हॉर्न आणि शहनाई एका पट्टीत.

गिरगावचा धैवत · रात्री १०.४०

त्या वेळच्या टॅक्सी म्हणजे फियाट आणि लँडमास्टर. काही जुन्या गाड्यांना बाहेर रबरी भोंगा असायचा, हाताने दाबायचा. 'पों' नाही, 'भ्वाँक'. तसा आवाज शोधा. आजचा हॉर्न डोक्यात ठेवून शोधाल तर सापडणार नाही.

माहीमकर · रात्री ११.२०

सापडला!! संतूरच्या तुकड्यात, अगदी बारीक, डाव्या कानाला. दोनदा वाजला. अंगावर काटा आला राव.

माहीमकर · रात्री ११.२६

माफ करा. खाली बेकरीचा टेम्पो होता. गॅलरीचं दार उघडं राहिलं होतं.

नवी सुई · रात्री ११.३०

नियमात बसत नाही, पण एलपी तुम्हालाच. पत्ता निरोपातून कळवा.

खिडकीची सीट · गुरुवार, सकाळी ८.०५

'वंडरवॉल' उतरवून घेतलाय. आत्ता ठाणे सोडलं. पहिला भोंगा ऐकू आला, तो मोटरमनचा.